व्हिएन्तियान ते हनोई: रात्रीच्या स्लीपर बसने थेट जावं की मुक्काम करत?

दरमजल (पुणे)

मंडळी, व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाल्यापासून आपल्याकडचे बरेच जण तिकडे जाऊ लागलेत. त्यातले काही लाओस किंवा कंबोडिया जोडून घेतात आणि मग मला व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) तोच प्रश्न येतो: व्हिएन्तियानहून हनोईला रात्रीची स्लीपर बस घ्यावी का? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा धागाच काढतोय. हा रस्ता मी थेट बसनेही केलाय आणि तुकड्यातुकड्यांनीही. माझं मत आधीच सांगून टाकतो. बस वाईट नाही, पण हा रस्ता रात्री झोपून घालवण्यासारखा नाही. वाटेत मुक्काम करा आणि डोंगर दिवसाउजेडी ओलांडा.

थेट बस संध्याकाळी व्हिएन्तियानच्या दक्षिण बसस्थानकावरून निघते. स्थानक शहराबाहेर आहे, हॉटेलातून तिकीट काढलं तर बहुधा टुकटुक न्यायला येते. तेरा नंबरचा महामार्ग साधारण मेकाँगच्या बाजूने दक्षिणेला जातो. व्हिएंग खामला बस डावीकडे आठ नंबरच्या रस्त्याला वळते आणि डोंगर सुरू होतात. पहाटे कधीतरी ती लाओसच्या नाम फाओ नाक्यापाशी येऊन थांबते, कारण नाका सकाळी सातच्या सुमारास उघडतो. इंजिन बंद, एसी बंद, सगळे आहेत तिथे पडून राहतात. नाका उघडला की लाओसचा शिक्का, मग काही अंतर पायी, मग व्हिएतनामच्या काउ त्रेओ नाक्यावर दुसरा शिक्का. तिथून व्हिएतनामच्या ‘हा तिन्ह’ प्रांतात उतरायचं, विन्ह शहराजवळ एक नंबरचा महामार्ग धरायचा आणि संध्याकाळपर्यंत हनोईच्या दक्षिणेला नुओक नगाम स्थानकावर पोहोचायचं. एकूण वीस ते चोवीस तास धरा.

बस आतून कशी असते तेही सांगतो, कारण आपल्या स्लीपर कोचपेक्षा ती वेगळी. तीन रांगा, मधे दोन अरुंद वाटा, खाली-वर अशा मिळून चाळीसेक जागा. पाठ बऱ्यापैकी मागे जाते पण पूर्ण सपाट होत नाही. पाय पुढच्या माणसाच्या पाठीखालच्या खोक्यात सरकवायचे. उंची साडेपाच फुटांच्या वर असेल तर गुडघे दुमडूनच झोपावं लागतं. दारात पायरीवरच क्लीनर प्लास्टिकची पिशवी हातात देतो, बूट त्यात घालून स्वतःजवळ ठेवायचे. जेवणाला बस थांबली की दाराशी रबरी सपातांची एक टोपली येते. ज्याला जी सापडेल ती घालून उतरायचं आणि परत येताना टोपलीत टाकायची. सवय नसेल तर आधी संकोच वाटतो. सोबत पातळ मोजे ठेवले की प्रश्न मिटतो.

आता मुक्काम का म्हणतो ते. आठ नंबरच्या रस्त्यावर ना हिनच्या अलीकडे चुनखडीच्या सुळक्यांचं एक अख्खं रान आहे. काळे, टोकदार, नजर जाईल तिथपर्यंत. रस्त्याच्या कडेला ते पाहायला जागाही केलेली आहे. थेट बस तिथून अंधारात जाते. ना हिनहून फाट्याने आत गेलं की कोंगलोरची गुहा. हिनबून नदी डोंगराच्या पोटातून साडेसात किलोमीटर वाहते आणि लांब निमुळत्या मोटरबोटीतून आपण डोंगराच्या या अंगाने शिरून त्या अंगाला बाहेर पडतो. आत एके ठिकाणी बोटीतून उतरून लवणस्तंभांमधून चालायचं. नावाड्याच्या कपाळावर दिवा आणि आपल्या हातात बॅटरी, बाकी मिट्ट काळोख. पाणी कमी असलं की मधेच उतरून बोट ढकलायला हात लावावा लागतो. एवढं वाटेत असताना त्याच्या बाजूने घोरत जाणं मला पटत नाही.

माझा क्रम असा: व्हिएन्तियानहून सकाळच्या गाडीने कोंगलोर किंवा ना हिन, तिथे मुक्काम आणि गुहा. मग लाक साओ, तिथे रात्र. सकाळी लवकर टुकटुक किंवा साँगथेवने (मागे बाकं टाकलेली पिकअप) नाका, तीस-पस्तीस किलोमीटर. पलीकडून विन्ह शंभरेक किलोमीटर. विन्हला मुक्काम करा. हो ची मिन्ह यांचं जन्मगाव किम लिएनच्या परिसरात, शहरापासून अगदी जवळ आहे. विन्ह ते हनोई रेल्वे आहे, ३१९ किलोमीटर. बर्थ सपाट आणि डब्यात शौचालय.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

निळावंती (ठाणे)

अगदी वेळेवर आला धागा. आई (वय ६४), मावशी आणि मी, तिघी फेब्रुवारीत लाओसमधल्या लुआंग प्राबांगहून हनोईला जायचं म्हणतोय. आई-मावशी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. लुआंग प्राबांगहूनही थेट स्लीपर दिसतेय, तीही चोवीस तासांच्या आसपास. दोघींना गुडघ्यांचा त्रास आहे. वरचा बर्थ मिळाला तर चढायचं कसं? आणि सीमेवर व्हिसा मिळतो ना?

सायगावकर (हो ची मिन्ह सिटी)

निळावंतीताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. व्हिएतनामच्या जमिनीवरच्या नाक्यावर आपल्याला व्हिसा काढून मिळत नाही, हातात घेऊनच जायचं. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा झाला, एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५० डॉलर. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. तशाच नावाच्या दलालांच्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. तीन कामाचे दिवस म्हणतात, पण मी सगळ्यांना दोन आठवडे आधी करायला सांगतो. तेत, म्हणजे इथलं चांद्र नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्यात कधीतरी येतं. तेव्हा कार्यालयं बंद असतात. तुमचा महिना फेब्रुवारी आहे म्हणून आवर्जून सांगतोय: तेतची तारीख पाहून मगच तिकिटं काढा. त्या दिवसांत अख्खा देश गावी निघतो, बसला जागा नसते आणि भाडं वाढतं.

दुसरं, अर्जात कोणत्या नाक्यावरून शिरणार ते विचारतात. तिथे नेमका तोच नाका लिहा. हनोई विमानतळ लिहून डोंगरातल्या नाक्यावर जाऊन उभं राहू नका. काउ त्रेओ, नाम कान, ताय त्रांग, लाओ बाओ, मोक बाई हे सगळे यादीत आहेत. छापील दोन प्रती जवळ ठेवा, डोंगरात मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

उलट दिशेने, म्हणजे व्हिएतनामहून लाओसला येणाऱ्यांसाठी: लाओसचा ई-व्हिसा ठरावीक विमानतळांवर आणि नाक्यांवरच चालतो. आपला नाका त्यात आहे का हे पाहिल्याशिवाय बसचं तिकीट काढू नका.

दरमजल (पुणे)

सायगावकर, उत्तम माहिती. नाक्याचं नाव नीट लिहा हे दहा वेळा सांगितलं तरी कमीच.

निळावंतीताई, तुम्हा तिघींसाठी मी लुआंग प्राबांग–हनोई बस सुचवणार नाही, स्पष्टच सांगतो. ती फोन्सावानवरून, नोंग हेत–नाम कान नाक्याने जाते. सुरुवातीचा घाट वळणावळणांचा आहे आणि उलट्या होणारे प्रवासी मी त्यावर भरपूर पाहिलेत. बसमध्ये बहुतेक वेळा शौचालय नसतं. लुआंग प्राबांगहून हनोईला विमान आहे, तासाभराचं. नाहीतर ३ डिसेंबर २०२१ ला सुरू झालेली लाओस–चीन रेल्वे घ्या. लुआंग प्राबांग ते व्हिएन्तियान दोन तासांच्या आसपास, स्वच्छ आणि वेळेवर. तोच रस्ता बसने अख्खा दिवस खातो. मग व्हिएन्तियानहून कोंगलोर आणि पुढे, रोज चार-पाच तासांपेक्षा जास्त बसायचं नाही असं बसवता येईल.

चाकोरी (कोल्हापूर)

दरमजल, तुमचं लिखाण आवडलं, पण थेट बसला अगदीच बाजूला टाकू नका. मी विद्यार्थी असताना मित्रांबरोबर याच बसने गेलो. विमानाचं भाडं झेपणारं नव्हतं आणि बस हॉटेलच्या एका रात्रीचे पैसेही वाचवते. झोप चांगली लागली. बसमध्ये अर्धे व्हिएतनामी कामगार होते, लाओसमध्ये बांधकामावर काम करणारे, घरी निघालेले. पहाटे नाक्यापुढे बस थांबली तेव्हा त्यांच्यातल्या एकाने शेगडीवर पाणी तापवून सगळ्यांना चहा दिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला व्हिएतनामी नाही. फोनमधले मुलीचे फोटो दाखवत होता. असा प्रवास विमानात होत नाही.

आणि खरं सांगायचं तर दोन-तीन दिवसांची रजा जास्तीची सगळ्यांकडे नसते.

दरमजल (पुणे)

चाकोरी, मान्य. तरुण असाल, पाठ धडधाकट असेल आणि दिवस मोजके असतील तर थेट बस करा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे, तिकीट विकणारा दाखवतो तो फोटो आणि प्रत्यक्ष येणारी बस यांचा मेळ बसेलच असं नाही. हनोई–सापा मार्गावर दिसतात तशा पडदेवाल्या वीस-बावीस केबिनच्या बसचा फोटो असतो आणि समोर उभी राहते जुनी तीन रांगांची. शक्य असेल तर स्थानकावर जाऊन बस पाहून तिकीट घ्या. दुसरं म्हणजे थंडी. व्हिएन्तियानला अर्ध्या बाह्यांत फिरणारा माणूस डिसेंबर-जानेवारीत सीमेवरच्या केओ नुआ खिंडीत धुकं आणि पावसाच्या भुरभुरीत उभा राहतो. स्वेटर आणि पावसाळी जाकीट पोटातल्या डिकीत नको, वर जवळ हवं.

गोदाकाठ (नाशिक)

मला सुरक्षेबद्दल लिहायचंय. १ जुलै २०२३ ला बुलढाण्याजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये आमच्या नाशिकमध्येच बस पेटून १२ जणांचा जीव गेला. तेव्हापासून घरातल्या कोणालाही रात्रीच्या बसने पाठवताना मी दहा वेळा विचार करतो. झोपलेली माणसं, अरुंद वाट, वरचा मजला आणि बाहेर पडायला एक दार, हे गणितच धोक्याचं आहे. चीनने २०१२ मध्ये नव्या स्लीपर बसची नोंदणीच थांबवली. आग्नेय आशियात तीन रांगांच्या मधल्या वाटेत पोती ठेवतात असं ऐकतो. दरमजल, खरं आहे का?

दरमजल (पुणे)

खरं आहे. या मार्गावर बस माणसांइतकीच मालाचीही असते. पोती, खोकी, टपावर मोटरसायकल, सगळं पाहिलंय. वाटेत सामान रचलेलं असेल तर मी क्लीनरला हातवारे करून दार आणि वाट मोकळी करायला लावतो, आणि इतर प्रवासीही मग आवाज देतात. होत नसेल तर सरळ तिकीट सोडून द्यावं, इतक्या ठामपणे सांगतो.

चढल्यावर बघायचं ते: काच फोडायचा हातोडा कुठे टांगलाय, आपत्कालीन खिडकी किंवा दार कुठे, बर्थचा पट्टा चालतो का. पट्टा असतो, लोक तो गादीखाली दाबून टाकतात. काढा आणि लावा. व्हिएतनामचा रस्ता सुरक्षेचा नवा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यात चालकाने सलग चार तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, दिवसात दहा तासांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्यात ४८ पेक्षा जास्त नाही अशी मर्यादा आहे. म्हणजे चोवीस तासांच्या बसवर एकच चालक असून चालणारच नाही. सुटण्याआधी दुसरा चालक आहे का ते विचारा. हे विचारण्यात भीड कसली?

मोगरा (डोंबिवली)

बायकांच्या दृष्टीने कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. बस थांबते ती बऱ्याचदा उघड्या रस्त्याकडेला. पुरुष पटापट उतरतात आणि आपण पाहत बसतो. माझ्याबरोबरच्या लाओ बायका सरळ सिन (लुंगीसारखा लाओ स्कर्ट) गुंडाळून, दोघी-तिघी मिळून थोडं पुढे जात. सैल घेरदार स्कर्ट किंवा गुंडाळायची लुंगी आणि एक छत्री एवढ्यावर काम निभतं. पाणी न पिता बसू नका, डोकं धरतं. घोट घोट प्या आणि जेवणाच्या थांब्यावर प्रत्येक वेळी उतरून घ्या, गरज वाटत नसली तरी.

बर्थ खालचा मागा, पुढून दुसरा-तिसरा, खिडकीकडचा. सगळ्यात मागे पाच बर्थ सलग जोडलेले असतात, मधे आडोसा नाही. एकट्या बाईने ते घेऊ नयेत. कोणी कंडक्टरने शेवटच्या क्षणी तिकडे पाठवलं तर जागेवरून हलू नका, तिकिटावरचा नंबर दाखवा. मी दाखवला, वाद घातला आणि माझी जागा मिळाली.

निळावंतीताई, वरच्या बर्थला पाय ठेवायला लोखंडी छोटी पायरी असते, गुडघेदुखीवाल्यांनी तिच्या वाटेला जाऊच नये.

निळावंती (ठाणे)

मोगरा, हे कुठल्याच ट्रॅव्हल साइटवर सापडत नाही. मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. आता जेवणाचं सांगा कोणीतरी.

सायगावकर (हो ची मिन्ह सिटी)

जेवण जमतं, फक्त शब्द पाठ करा. व्हिएतनाममध्ये "अन चाय" म्हटलं की शाकाहारी हे सगळ्यांना कळतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले अनेक बौद्ध स्वतः शाकाहार करतात, त्या दिवशी तर जागोजाग चाय पाट्या लागतात. पण महामार्गावरच्या ढाब्यावर सगळ्याला माशाचं पाणी लावलेलं असतं, भाजीलाही. तिथे साधा भात, उकडलेली पालेभाजी, वेगळं मीठ आणि शेंगदाणे-तीळ मागा. शेंगदाणे-तिळाचं मीठ घालून भात हे इथलं घरगुती खाणं आहे, आपल्या माणसांना फार आवडतं. लाओसमध्ये चिकट भात बांबूच्या टोपलीत मिळतो. घरची शेंगदाण्याची चटणी किंवा मेतकूट सोबत असेल तर त्यावर एक वेळ सुखाने निघते. दशम्या-धपाटे दोन दिवस टिकतात.

पांथस्थ (बंगळुरू)

थायलंडच्या बाजूने येणाऱ्यांसाठी थोडं. नोंग खाईहून व्हिएन्तियानला मैत्री पुलावरून यायचं. ८ एप्रिल १९९४ ला सुरू झालेला, ऑस्ट्रेलियाच्या पैशांतून बांधलेला. थायलंडमध्ये वाहनं आपल्यासारखी डावीकडून, लाओस-व्हिएतनाम-कंबोडियात उजवीकडून. पूल ओलांडून उतरल्यावर रस्ता पार करताना आधी डावीकडे बघायची सवय लावा, मुलं सोबत असतील तर जास्तच. घड्याळ मात्र चारही देशांत एकच, आपल्या दीड तास पुढे. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरताना डिजिटल आगमन कार्ड आधीच भरावं लागतं, जमिनीवरूनही.

बँकॉक–सिएम रीप बसचा विचार करणाऱ्यांना: २०२५ च्या जूनपासून थायलंड–कंबोडिया सीमेवर तणाव आहे, जुलैत लढाई झाली आणि नाके बंद झाले. ताजी स्थिती पाहिल्याशिवाय ते आखू नका. कंबोडियाला जमिनीवरून जायचंच तर हो ची मिन्ह सिटीहून मोक बाई–बावेतने जा.

सायगावकर (हो ची मिन्ह सिटी)

बरोबर. तो रस्ता सोपा आहे, नॉम पेन्ह सहा-सात तास. पूर्वी नेआक लुओंगला मेकाँग ओलांडायला फेरीच्या रांगेत थांबावं लागे. २०१५ मध्ये जपानच्या मदतीने त्सुबासा पूल झाला आणि तो वेळ वाचला. या मार्गावर बसचा माणूस सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो. घाबरू नका, पद्धत आहे. पण कंबोडियाचा व्हिसाही तोच काढून देतो म्हणाला तर वर पाच-दहा डॉलर लावतो. ई-व्हिसा आधी काढला असेल तर बावेतला चालतो आणि हा विषयच येत नाही. मोजकी लहान डॉलर नोटा मात्र ठेवा, कोऱ्या, न फाटलेल्या. फाटकी नोट घेत नाहीत.

गोदाकाठ (नाशिक)

लाओस–व्हिएतनाम नाक्यांवर "वरचे" पैसे मागतात म्हणे. किती आणि द्यायचे का?

दरमजल (पुणे)

मागतात. एका नाक्यावर माझ्या पुढच्या ओळीतला प्रत्येक जण पासपोर्टात घडी घातलेली नोट ठेवून सरकवत होता. मी रिकामा पासपोर्ट दिला तर तो बाजूला ठेवला गेला आणि पुढचे सात-आठ जण आधी निघाले. मी शांतपणे उभा राहिलो, पावती मागितली, हसतच मागितली. थोड्या वेळाने शिक्का मिळाला. कामाच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीच्या दिवशी लाओसच्या बाजूला अधिकृत जादा शुल्कही असतं, त्याचा फलक लावलेला असतो. फलकावर आहे ते द्या. फलकावर नाही ते देणं न देणं तुमच्यावर, पण बस तुमच्यासाठी थांबणार आहे ना ते चालकाला आधी विचारून ठेवा. बसचा नंबर आणि बसचा फोटो फोनमध्ये हवाच, कारण पलीकडे एकसारख्या चार बस उभ्या असतात.

तुकड्यांनी येणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. काउ त्रेओच्या पलीकडे उतरलात की विन्हला न्यायला गाड्यावाले घेरतात आणि भाव मनाला येईल तो सांगतात. नाक्यावरच इतर दोन-चार प्रवासी जमवून एकत्र गाडी ठरवली तर निम्म्याहून कमी पडतं. आणि किप, म्हणजे लाओसचं चलन, लाओसमध्येच संपवा. डॉलरला वीस हजारांच्या आसपास किप मिळतात, गठ्ठा मोठा दिसतो, पण देशाबाहेर त्याला कोणी विचारत नाही. व्हिएतनामी नोटांत वीस हजार आणि पाच लाखांची, दोन्ही निळसर. अंधारात टॅक्सीला पैसे देताना शून्यं मोजा.

चाकोरी (कोल्हापूर)

लाओसमधल्या थाखेकहून बारा नंबरच्या रस्त्याने चा लो नाका गाठून व्हिएतनामच्या डोंग होईला जाणारा मार्गही कोणी करत असेल तर लिहा. पलीकडे फोंग न्हा–के बांग या व्हिएतनामी उद्यानातल्या गुहा येतात. जुलै २०२५ मध्ये लाओसचं हिन नाम नो उद्यान त्याला जोडून युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. पुढच्या खेपेला दोन्ही बाजू पाहायच्या आहेत, या वेळी मुक्काम करत, दरमजल म्हणतात तसं.

निळावंती (ठाणे)

घरी बसून ठरवलं. रेल्वेने व्हिएन्तियान, तिथे दोन दिवस, मग कोंगलोर, लाक साओ, विन्ह आणि रेल्वेने हनोई. आईला गुहेच्या बोटीचं फार मनावर आलंय. मावशीला लाक साओच्या मुक्कामाची काळजी वाटतेय, हॉटेल बरं मिळेल ना? तेत संपल्यावर दोन आठवड्यांनी निघतोय.

दरमजल (पुणे)

उत्तम ठरलं. लाक साओ छोटं बाजाराचं गाव आहे, साधी पण स्वच्छ गेस्टहाउस मुख्य रस्त्यालगत मिळतात. खोली तळमजल्यावर आणि गरम पाणी येतंय हे पाहूनच घ्या. सकाळचा बाजार लवकर भरतो, तिथून केळी आणि चिकट भात बांधून घ्या. नाक्यासाठी टुकटुक आदल्या संध्याकाळीच ठरवा आणि साडेसहाला निघा, म्हणजे रात्रीच्या बसमधली गर्दी रांगेत लागायच्या सुमाराला तुम्ही तिथे असाल. गुहेच्या बोटीत एका वेळी दोन-तीनच प्रवासी घेतात, तुम्ही तिघी एकीत बसाल. बसायला फळी असते, पाठ टेकायला काही नाही, म्हणून आई-मावशींसाठी हवा भरायची उशी न्या. पायात भिजली तरी चालेल अशी पट्ट्याची चप्पल हवी.

थाखेक–चा लोबद्दल ज्यांना अनुभव आहे त्यांनी खाली जरूर लिहा, मलाही हवाय.